सेकंदाला ३२,७६८ वेळा

घड्याळाच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर हजार-दीड हजारांची जी घड्याळं मांडलेली असतात, ती वेळ सांभाळण्यात वरच्या फळीवरच्या लाख-दोन लाखांच्या यांत्रिक घड्याळांना मागे टाकतात. ही अतिशयोक्ती नाही. स्वित्झर्लंडमध्ये ‘क्रोनोमीटर’ हे प्रमाणपत्र मिळवायचं तर यांत्रिक घड्याळाला चाचणीत दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, एवढ्यात राहावं लागतं. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे काळं, प्लास्टिकचं, २१ ग्रॅम वजनाचं घड्याळ महिन्याला फार तर तीस सेकंद चुकेल, असं कंपनी सांगते. म्हणजे दिवसाला एक सेकंद. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांतला एक इकडेतिकडे.

टिकाऊ, भरवशाचं आणि खिशाला परवडणारं घड्याळ शोधायला निघालेल्या माणसाने ही गोष्ट आधी मनात पक्की करावी. अचूकपणा आता जवळजवळ फुकट मिळतो. कुठल्याही बऱ्या कंपनीच्या क्वार्ट्झ घड्याळात तो असतोच. त्यामुळे आपण पैसे नक्की कशाचे मोजायचे, हा प्रश्नच बदलतो. त्याकडे वळायच्या आधी तो अचूकपणा इतका स्वस्त कसा झाला ते पाहू, कारण माणसाने केलेल्या सगळ्यात देखण्या करामतींपैकी ती एक आहे.

क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. महाराष्ट्रभर पसरलेल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये तिचे स्फटिक सापडतात. सिन्नरला अशा खनिजांचं ‘गारगोटी’ नावाचंच संग्रहालय आहे. अंधाऱ्या खोलीत दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर जोरात घासल्या की दगडाच्या आत क्षणभर उजेड दिसतो, हा खेळ गावाकडच्या मुलांना चांगला ठाऊक असतो. या दगडाची आणखी एक खोड १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्यूरी या दोघा भावांच्या लक्षात आली. स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. याच्या उलटही घडतं, हे त्यांनी पुढच्या वर्षी दाखवलं: स्फटिकाला वीज दिली की तो अगदी किंचित वाकतो. वीज काढली की पुन्हा सरळ होतो. म्हणजे विजेने त्याला थरथरवता येतं, आणि त्याची थरथर विजेने मोजताही येते. आणि ही थरथर कमालीची ठरलेली असते. स्फटिकाचा आकार ठरला की सेकंदाला तो किती वेळा थरथरणार हेही ठरतं.

यावर चालणारं पहिलं घड्याळ १९२७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी केलं. व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारी ती घड्याळं कपाटं भरून असत. मनगटावर यायला त्यांना आणखी बेचाळीस वर्षं लागली. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइकोने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ विकायला काढलं. किंमत साडेचार लाख येन. जपानात तेव्हा एवढ्या पैशांत छोटी मोटारगाडी येत असे. आज त्याच तत्त्वावरचं घड्याळ शाळकरी मुलाच्या वाढदिवसाला सहज घेतलं जातं.

त्या स्फटिकाला आतमध्ये जाऊन पाहायला हवं. सेल बदलताना घड्याळजी मागचं झाकण उघडतो तेव्हा त्याच्या खांद्यावरून जरा वाकून बघा. तांदळाच्या दाण्याएवढी एक चकचकीत नळी दिसेल. तिच्यातली हवा काढून टाकलेली असते आणि आत क्वार्ट्झचा दोन दातांचा नादकाटा असतो, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच, फक्त काही मिलिमीटर लांबीचा. त्यासाठी डोंगरातली गारगोटी वापरत नाहीत. पोलादी भांड्यात, साडेतीनशे अंशांच्या आसपास तापमानाला आणि हजाराहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली, क्षारयुक्त पाण्यात कित्येक आठवडे हे निर्दोष स्फटिक वाढवतात. मग त्याच्या पातळ चकत्या कापायच्या, चिपा बनवतात त्याच छायाचित्रणाच्या तंत्राने त्यातून नादकाटे कोरायचे, आणि दातांच्या टोकांवर चढवलेलं सोनं लेसरने कणाकणाने उडवत त्यांचा सूर लावायचा. तो सूर म्हणजे सेकंदाला ३२,७६८ कंपनं.

हाच आकडा का? दोनला दोनने गुणत गेलं की पंधराव्या पायरीवर ३२,७६८ येतात. म्हणजे घड्याळातल्या चिपने या कंपनांना पंधरा वेळा निम्मं केलं की नेमका एक ठोका उरतो: एक सेकंद. निम्मं करणं हे इलेक्ट्रॉनिक्समधलं सगळ्यात सोपं काम. याहून कमी कंपनांचा नादकाटा घेतला तर तो मोठा होतो, आणि फारच कमी घेतला तर कानाला ऐकू येऊ लागतो. १९६० साली आलेलं बुलोव्हाचं ‘अ‍ॅक्युट्रॉन’ ३६० कंपनांवर चालायचं आणि मनगटावर सतत गुणगुणायचं. माणसाचा कान वीस हजारांच्या पुढे ऐकत नाही. उलट फार वरचा आकडा घेतला तर सेल लवकर संपतो. या साऱ्या ओढाताणीतून ३२,७६८ हा आकडा निघाला आणि जगातल्या कोट्यवधी घड्याळांनी तो स्वीकारला.

एवढं करूनही प्रत्येक नादकाटा हुबेहूब सारखा निघत नाही. त्यावरचा उपाय मला फार आवडतो. अनेक घड्याळांत स्फटिक मुद्दाम किंचित जलद ठेवतात, आणि तो नेमका किती जलद आहे हे कारखान्यात मोजून चिपला सांगून ठेवतात. मग चिप ठरावीक काळाने तेवढी कंपनं मोजायचीच सोडून देते. त्यामुळे स्वस्त स्फटिकही वेळेत येतो.

स्फटिकाला त्रास होतो तो तापमानाचा. साधारण पंचवीस अंशांना तो सगळ्यात जलद चालतो. तिथून तापमान वर गेलं किंवा खाली आलं, तरी तो मंदच होतो. महाबळेश्वरच्या थंडीत दहा अंशांना टेबलावर पडलेलं घड्याळ आणि नागपूरच्या मे महिन्यात चाळीस अंशांना कपाटात पडलेलं घड्याळ दोन्ही सारखीच मागे पडतील, दिवसाला सुमारे दोन तृतीयांश सेकंद. तेच मनगटावर असेल तर शरीराची ऊब त्याला वर्षभर तिशीच्या आसपास धरून ठेवते आणि चूक नाममात्र राहते. घड्याळ रोज घालणाऱ्याला ते जास्त अचूक वेळ दाखवतं.

हे यंत्र आलं आणि घड्याळांचं जग उलटंपालटं झालं. स्विस घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास नव्वद हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतली जेमतेम एक तृतीयांश उरली. आपल्याकडे १९६१ पासून बंगळुरूच्या एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं बनवली. तिच्या ‘जनता’ या घड्याळाला रोज सकाळी चावी द्यायची हा कित्येक घरांचा नेम होता. १९८४ मध्ये टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचं महामंडळ यांनी मिळून टायटन सुरू केली आणि होसूरच्या कारखान्यात सुरुवातीपासून क्वार्ट्झवर भर दिला. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. जुनी ‘जनता’ घरात असेल तर ती जरूर दुरुस्त करून वापरा, तिची टिकटिक ऐकण्यासारखी असते. पण भरवसा आणि कमी खर्च ही अट असेल तर यांत्रिक घड्याळाचा नाद सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वस्त स्वयंचलित यंत्र दिवसाला वीस-तीस सेकंद सहज चुकतं, आणि काही वर्षांनी तेलपाण्याला जो खर्च येतो त्यात नवं क्वार्ट्झ घड्याळ येतं.

काट्यांच्या क्वार्ट्झ घड्याळात आणखी एक शोध लपलेला असतो. मारियस लाव्हे या फ्रेंच अभियंत्याने १९३६ साली अशा मोटारीची कल्पना मांडली, जी विजेच्या प्रत्येक ठोक्याला नेमकी अर्धी फिरते आणि थांबते. उघडलेल्या घड्याळात तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी दिसते, ती याच मोटारीची. दर सेकंदाला काही सहस्रांश सेकंद वीज येते, इवलासा चुंबक अर्धी फेरी मारतो, सेकंदकाटा एक घर पुढे जातो, आणि पुढचा ठोका येईपर्यंत मोटार वीज खातच नाही. सगळ्या घड्याळाची सरासरी भूक अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाएवढी. घड्याळजी ज्याला ६२६ नंबरचा सेल म्हणतात, त्यात सुमारे २८ मिलिअँपिअर-तास एवढा साठा असतो. भागाकार करून पाहा, तीन वर्षांच्या वर उत्तर येतं. एवढ्याशा बटणाने काटा जवळजवळ दहा कोटी वेळा पुढे ढकललेला असतो.

तर अचूकपणा हा असा आहे: कारखान्यातच पक्का झालेला, नळीत बंद केलेला, हजारांच्या घड्याळात आणि वीस हजारांच्या घड्याळातही बहुधा सारखाच. मग घड्याळं मरतात कशाने? पाण्याने, घामाने, धुळीने, पडण्याने, आणि वेळेवर न काढलेल्या सेलने. पैसे मोजायचे ते यांच्यापासून त्या नादकाट्याला सांभाळणाऱ्या गोष्टींचे.

पाणी सगळ्यात वाईट. तबकडीवर ‘३० मीटर’ लिहिलेलं पाहून लोक ते घालून विहिरीत उडी मारतात. तो आकडा खोलीचा वाटतो, पण प्रत्यक्षात तो प्रयोगशाळेत स्थिर पाण्यात दिलेला दाब आहे. दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एक वातावरणाचा दाब. पाण्यात हात मारताना, नळाच्या धारेखाली, दाब तसा स्थिर राहत नाही. व्यवहारात ३० मीटर म्हणजे हात धुणं आणि पावसाचे शिंतोडे, ५० म्हणजे बेताचं पोहणं, आणि १०० असेल तर पोहायला निर्धास्त जावं. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने १०० मीटरच्या खाली घेऊच नये, असं मी म्हणेन. पाणी अडवण्याचं काम करते ती मागच्या झाकणाखालची रबराची बारीक कडी, घड्याळजींच्या भाषेत वॉशर. रबर आहे ते, वर्षांनी कडक होतं, चिरतं. सेल बदलताना ती कडी तपासून, सिलिकॉनचं ग्रीस लावून, नीट बसवायला सांगा. काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली तर त्याच दिवशी घड्याळ उघडून कोरडं करून घ्यायचं. तसंच राहू दिलं तर पाणी आतल्या धातूला गंज आणतं.

घामाचं गणित वेगळं. घड्याळाच्या पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं कोरलेलं असतं आणि विकणारा अख्खं घड्याळ पोलादी म्हणून दाखवतो. त्या अक्षरांचा अर्थ एवढाच की मागचं झाकण पोलादी आहे. बाकीची डबी पितळेची किंवा तत्सम धातूची आणि वर मुलामा असू शकते. घामातलं मीठ दोन-तीन उन्हाळ्यांत कडांवरचा मुलामा खातं, मग मनगटावर काळे डाग पडतात. सगळी डबी स्टेनलेस स्टीलची आहे असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच धातूचं घड्याळ घ्यावं. नसेल तर प्लास्टिकचं रेझिन बरं. त्याला गंज चढत नाही.

काचेच्या बाबतीत मला पुन्हा त्या गारगोटीचं नवल वाटतं. वाळूत आणि रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा मोहस् मापावर सात. साधी खनिज काच साडेपाच-सहाच्या आसपास असते, म्हणून बाहीवरची धूळ घासली तरी तिच्यावर ओरखडे उठतात. नीलमण्याची, म्हणजे सफायर काच, नऊवर असते. धूळ तिचं काही करू शकत नाही, मात्र दगडावर आपटली तर ती फुटू शकते. आणि जुन्या ‘जनता’वरचं अ‍ॅक्रिलिक सगळ्यात मऊ, पण टूथपेस्टने घासलं की ओरखडे निघून जातात आणि आपटलं तरी सहसा फुटत नाही. ज्या धुळीला आपण दोष देतो तिच्यातला तोच पदार्थ काचेच्या आत बसून वेळ मोजत असतो.

पडण्याची गोष्ट एका माणसाची आहे. कॅसिओतले अभियंते किकुओ इबे यांच्या हातून वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं, आणि १९८१ साली त्यांनी कंपनीपुढे एका ओळीचा प्रस्ताव ठेवला: पडलं तरी मोडणार नाही असं घड्याळ. दहा मीटरवरून पडलं तरी चालावं, दहा वातावरणांचा दाब सोसावा, सेल दहा वर्षं टिकावा, ही उद्दिष्टं ठरली. इबे प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाच्या खिडकीतून एकेक नमुना खाली टाकायचे, खाली जाऊन उचलायचे, पुन्हा वर यायचे. बाहेरून रबर कितीही जाड केलं तरी आतला एखादा तरी भाग तुटायचाच. सुमारे दोनशे नमुने असे फुटले. शेवटी बागेत एक मुलगी चेंडू आपटून खेळत होती, तिच्याकडे पाहताना त्यांना सुचलं की चेंडू कितीही आपटला तरी त्याच्या मध्याला धक्का बसत नाही. मग त्यांनी घड्याळाचं यंत्र पोकळ डबीत मोजक्या बिंदूंवर टेकवून जवळपास तरंगतं ठेवलं. एप्रिल १९८३ मध्ये पहिलं जी-शॉक बाजारात आलं. शेतात, बांधकामावर, गिर्यारोहणात घड्याळ घालणाऱ्याने त्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत. बैठं काम करणाऱ्याला एवढ्या चिलखताची गरज नाही.

पट्ट्याकडे दुकानात कुणी फारसं बघत नाही, आणि घड्याळ बहुतेकदा तिथेच सुटतं. डबीच्या कानांमधलं अंतर १८, २० किंवा २२ मिलिमीटर असेल आणि साध्या पिनेवर पट्टा बसत असेल, तर कुठल्याही बाजारात दीड-दोनशे रुपयांत नवा मिळतो. कंपनीच्या खास आकाराचा पट्टा असेल तर तो मॉडेल बंद झाल्यावर मिळेल का, हे आधी विचारा. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा कुजतो; नायलॉनचा धुऊन वाळत घालता येतो.

सेलबद्दल दोन गोष्टी. काही घड्याळांचा सेकंदकाटा सेल संपत आला की दर दोन सेकंदांनी दोन घरं उडी मारू लागतो. घड्याळ बिघडलेलं नसतं, ती नव्या सेलची मागणी असते. आणि संपलेला सेल महिनोन्‌महिने आत ठेवला तर तो पाझरतो आणि आतलं सर्किट खातो. नवा घालताना सिल्व्हर ऑक्साइडचा मागावा. त्याच्या नंबरआधी ‘एसआर’ असतं, स्वस्त अल्कलाइनवर ‘एलआर’. या भानगडीच नको असतील तर दहा वर्षांच्या सेलचं डिजिटल घ्या, कॅसिओचं एई-१२०० तसं आहे आणि त्याला १०० मीटरचं संरक्षणही आहे; किंवा सिटिझनचं इको-ड्राइव्ह, जे उजेडावर स्वतःचा सेल भरून घेतं. रेडिओ लहरींनी आपोआप वेळ जुळवणाऱ्या घड्याळांसाठी मात्र भारतात जादा पैसे देऊ नयेत. त्या लहरी सोडणारी केंद्रं जपान, चीन, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका इथे आहेत; आपल्याकडे एकही नाही.

माझ्या मते बहुतेकांना पुरेल ते १०० मीटरचं, रेझिनच्या डबीचं, दहा वर्षांच्या सेलचं डिजिटल. काटेच हवे असतील तर पूर्ण पोलादी डबी, साध्या पिनेचा पट्टा आणि निदान ५० मीटर. एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून जवळजवळ आहे तसंच विकलं जातं, आणि त्याची बाजारात नक्कलही खूप होते. अस्सल घड्याळात उजव्या बाजूचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं. अलीकडे काही नकलांनी तेही जमवलंय, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावं. आणि एक ध्यानात असू द्या: या घड्याळाला वर्ष कळत नाही. त्याचा फेब्रुवारी कायम अठ्ठावीस दिवसांचा. लीप वर्षात २९ तारीख तुम्ही हाताने लावायची.

घड्याळ आणलंत की दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची भारतीय प्रमाणवेळ इंटरनेटवर बघून ते सेकंदाला सेकंद लावा आणि तारीख लिहून ठेवा. तिथली वेळ सीझियमच्या अणूंवर चालते, सेकंदाला ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं मोजून. महिन्याने फरक पाहा. समजा तुमचं घड्याळ आठ सेकंद पुढे गेलं. तर रोज घालत राहिलात की पुढच्या महिन्यातही ते साधारण आठच सेकंद पुढे जाईल, आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही. तेवढी वजाबाकी मनात केलीत, तर दीड हजारांच्या घड्याळावरून तुम्ही प्रमाणवेळ एक-दोन सेकंदांच्या फरकाने सांगू शकाल.